लॉक्स ठेवावेत का? एका केशरचनेचा इतिहास आणि डोक्याच्या त्वचेचे आरोग्य

अमेरिका, इंग्लंड, जमैका किंवा दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या अनेक स्त्री-पुरुषांपुढे कधी ना कधी एक प्रश्न येतो: आपल्या नैसर्गिक केसांचे लॉक्स करावेत का? प्रश्न वरवर सौंदर्याचा वाटतो, पण विचारणाऱ्याच्या मनात बरेच काही असते. नोकरीच्या मुलाखतीत काय होईल? घरचे काय म्हणतील? केस धुता येतील का? पुढे टक्कल पडेल का? नकोसे झाले तर सोडवता येतील का?

यातले काही प्रश्न वैद्यकीय आहेत, काही सामाजिक. गेल्या अडीचशे वर्षांत या केसांबद्दल जे निर्णय घेतले गेले, ते बहुतेक वेळा डोके ज्याचे होते त्याने घेतलेले नव्हते. त्या निर्णयांचे परिणाम डोक्याच्या त्वचेवरही झाले. म्हणून आज थोडे इतिहासात जाऊन हा विषय समजून घेऊ.

लॉक्स म्हणजे काय आणि ते कसे बनतात?

केसांचे छोटे छोटे चौकोनी भाग पाडून प्रत्येक भागाला पीळ दिला किंवा त्याची बारीक वेणी घातली आणि ती पुन्हा उलगडलीच नाही, तर काही महिन्यांत आतले केस एकमेकांत गुंतून दोरीसारखी घट्ट बट तयार होते. अशा बटांना लॉक्स किंवा ड्रेडलॉक्स म्हणतात.

यामागचे विज्ञान सोपे आहे. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. विंचरताना ते कंगव्यात येतात. लॉक्समध्ये कंगवा फिरत नाही, त्यामुळे गळालेले केस बटेच्या आतच राहतात आणि वाढणाऱ्या केसांभोवती गुंडाळले जातात. म्हणूनच अनेक वर्षांनी कोणी लॉक्स सोडवले तर केसांचा मोठा ढीग निघतो आणि माणूस घाबरतो. तो ढीग म्हणजे नव्याने झालेली केसगळती नव्हे. कित्येक वर्षांत गळालेले केस एकदम बाहेर पडलेले असतात.

आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये हे सहज घडते, कारण त्यांच्या केसाचे मूळच वक्र असते. केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गोल न दिसता चपटा, लंबगोल दिसतो. असा केस स्प्रिंगसारखा वळत वाढतो. त्वचेतून निघणारे नैसर्गिक तेल या वळणांवरून टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून केस कोरडे राहतात. प्रत्येक वळणाची जागा नाजूक असते आणि जोरात विंचरले की केस तिथेच तुटतो. थोडक्यात, सरळ केसांसाठी बनवलेला बारीक दातांचा कंगवा या केसांचा शत्रू आहे. केस न विंचरता वाढवण्याची पद्धत या केसांच्या बाबतीत आळसातून आलेली नाही, ती केसांच्या रचनेला धरूनच आहे.

जहाजाच्या आधी आणि नंतर

आफ्रिकेत अशा बटांच्या परंपरा जुन्या आणि वेगवेगळ्या आहेत. नामिबियातील हिंबा स्त्रिया लोणी आणि तांबडी माती यांचा लेप लावून केसांच्या बटा वळतात. नायजेरियातील योरुबा समाजात जन्मापासूनच केस गुंतलेल्या मुलाला ‘दादा’ म्हणतात आणि त्याला विशेष मानतात. सेनेगलमधील बाय फाल पंथाचे मुस्लिम अनुयायीही लॉक्स ठेवतात. पश्चिम आफ्रिकेत केसांच्या रचनेवरून माणसाचे कूळ, वय, लग्न झाले आहे की नाही, हे ओळखता येई.

गुलामांच्या व्यापाराने हे सगळे तोडले. पकडलेल्या माणसांची डोकी अनेकदा जहाजावर चढवण्यापूर्वी भादरली जात. कारण स्वच्छतेचे दिले जाई, पण त्याबरोबर ओळखही पुसली जाई. अमेरिकेतील मळ्यांवर ना पूर्वीची तेले होती, ना रुंद दातांच्या फण्या, ना वेळ. रविवारच्या सुट्टीत केस सोडवण्यासाठी लोक मेंढीची लोकर पिंजायची फणी वापरत. डोक्याला चरबी किंवा रॉकेल चोळत. डोक्याच्या त्वचेचे विकार अशा परिस्थितीत वाढले नसते तरच नवल.

१७८६ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने न्यू ऑर्लिन्समधील आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र स्त्रियांना डोक्याला फडके बांधून केस झाकण्याचा हुकूम काढला. त्यांच्या सजवलेल्या केसांकडे लोकांचे लक्ष जाते, ही त्यामागची तक्रार होती. स्त्रियांनी हुकूम पाळला, पण इतक्या उंची, रंगीत कापडांनी की ती फडकीच नवी शोभा ठरली. केस कसे दिसावेत हे सरकारने ठरवण्याचे हे एक जुने उदाहरण.

सरळ केसांची किंमत

१८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी संपली, पण नोकरी आणि प्रतिष्ठा यांसाठी केस सरळ दिसणे जवळजवळ अटच बनली. विस्तवावर तापवलेली लोखंडी फणी केसांतून फिरवली जाऊ लागली. पुढे रासायनिक रिलॅक्सर आले. त्यातील जुन्या प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो. केसातील प्रथिनांचे बंध तोडून तो केस कायमचा सरळ करतो आणि त्वचेला लागला तर भाजतो.

या काळातील मॅडम सी. जे. वॉकर यांचे नाव घेतलेच पाहिजे. गुलामीतून सुटलेल्या आईवडिलांच्या पोटी १८६७ मध्ये जन्मलेल्या वॉकरबाईंचे स्वतःचे केस त्वचेच्या विकाराने गळत होते. गरम फणीचा शोध त्यांनी लावला असे सांगितले जाते, ते खरे नाही. त्यांचे गाजलेले उत्पादन म्हणजे गंधक असलेले मलम. कोंड्यासाठी गंधक आजही वापरले जाते. केस वारंवार धुवा आणि डोक्याची त्वचा निरोगी ठेवा, हा त्यांचा आग्रह आजच्या कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाला पटेल.

१९६८ मध्ये डॉक्टरांनी कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये डोक्याच्या मध्यभागापासून पसरणाऱ्या एका टकलाचे वर्णन केले आणि त्याला ‘हॉट कोंब ॲलोपेशिया’ नाव दिले. पुढे दिसले की गरम फणी कधीच न वापरलेल्या स्त्रियांनाही ते होते. २०१९ मध्ये या आजाराच्या काही रुग्णांत पीएडीआय-३ या जनुकातील बदल सापडले. म्हणजे दोष केवळ बाईच्या सवयीचा नव्हता, अनुवंशिकताही होती. इतिहासात डॉक्टरांनीही रुग्णाच्या केशरचनेला लवकर दोष दिला आहे, हे आम्ही विसरू नये.

रिलॅक्सरबद्दलची चिंता मात्र वाढतेच आहे. अमेरिकेत सुमारे ३४ हजार स्त्रियांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के असल्याचा अंदाज त्यात मांडला होता. हा संबंध आहे, कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध झालेला नाही. तरीही अनेकींनी रिलॅक्सर सोडण्यामागे हे एक कारण आहे.

आणखी एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. घामाने सरळ केलेले केस पुन्हा कुरळे होतात, म्हणून अनेक स्त्रिया व्यायामच टाळतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०३ स्त्रियांच्या एका छोट्या पाहणीत सुमारे ४० टक्के स्त्रियांनी केसांमुळे कधी ना कधी व्यायाम टाळल्याचे सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरल रेजिना बेंजामिन अटलांटातील केशरचनेच्या एका मोठ्या प्रदर्शनात जाऊन याच विषयावर बोलल्या होत्या. मधुमेह आणि रक्तदाब यांचे प्रमाण जास्त असलेल्या समाजात ही गोष्ट किरकोळ नाही.

जमैका: धाक, श्रद्धा आणि कात्री

लॉक्सचे आजचे जगभर माहीत असलेले रूप जमैकातून आले. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला आणि जमैकातील गरीब कृष्णवर्णीयांच्या एका गटाने त्यांना देव मानले. हा रास्ताफारी पंथ. डोक्याला वस्तरा न लावण्याचे बायबलमधील व्रत त्यांनी आधार म्हणून घेतले.

पण सुरुवातीला सगळेच रास्ता लॉक्स ठेवत नव्हते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमधील तरुण अनुयायांत यावरून वाद झाला आणि विंचरणारे व न विंचरणारे असे दोन गटच पडले. ‘ड्रेड’ या शब्दात त्यांच्या लेखी ईश्वराचा धाक होता आणि बघणाऱ्याला वाटणारी भीतीही. म्हणजे ‘लॉक्स ठेवावेत का?’ हा प्रश्न खुद्द लॉक्सवाल्यांच्या घरातही चर्चेचा होता.

न विंचरण्याची कल्पना आली कुठून? यावर अभ्यासकांची मते वेगळी आहेत. काही जण केनियातील ब्रिटिशविरोधी माऊ माऊ लढवय्यांच्या छायाचित्रांकडे बोट दाखवतात. काही जण भारताकडे. १८४५ पासून भारतातील गिरमिटिया मजूर जमैकात उसाच्या मळ्यांवर नेले गेले आणि त्यांच्या जटाधारी साधूंचा प्रभाव पडला असावा, असे ते म्हणतात. गांजासाठी जमैकात आजही ‘गांजा’ हाच शब्द आहे, हे मात्र नक्की.

किंमत मोठी मोजावी लागली. एप्रिल १९६३ मध्ये माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्स येथे झालेल्या हिंसाचारानंतर शेकडो रास्तांना पकडण्यात आले, मारहाण झाली आणि अनेकांचे लॉक्स जबरदस्तीने कापले गेले. जमैका सरकारने याबद्दल माफी मागितली ती २०१७ मध्ये, तब्बल ५४ वर्षांनी.

त्यानंतरही वाद थांबले नाहीत. २०१८ मध्ये जमैकातील एका पाच वर्षांच्या मुलीला लॉक्स कापल्याशिवाय शाळेत येऊ देणार नाही असे सांगितले गेले. उवा आणि अस्वच्छता ही भीती पुढे केली गेली. २०२० मध्ये न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला, २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर अमेरिकेत दिसणाऱ्या उवांचा प्रादुर्भाव कृष्णवर्णीय मुलांमध्ये इतरांपेक्षा कमी आढळतो. तिथल्या उवांच्या नख्या गोल केस पकडायला सोयीच्या असतात, चपट्या-कुरळ्या केसावर त्यांची पकड नीट बसत नाही.

मग आपल्याकडची जट?

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे ‘जट’ आठवणारच. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात एखाद्या मुलीच्या केसांत गुंता झाला की ‘यल्लम्माने बोलावले’ असे मानून जट वाढू दिली जाई. कितीतरी मुली यातूनच देवीला सोडल्या गेल्या. जट कापली तर देवीचा कोप होईल, या भीतीने बाया वर्षानुवर्षे मानेवर ओझे वागवत. डोके धुता येत नाही, दुर्गंधी येते, त्वचेवर जखमा होतात, मान दुखते. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून शेकडो स्त्रियांना यातून मोकळे केले आहे.

ही समजूत आपल्यापुरतीच नव्हती. पोलंडमध्ये अशा गुंत्याला ‘कोल्तुन’ म्हणत. तो कापला तर माणूस आंधळा किंवा वेडा होईल, असे लोक मानत आणि डॉक्टरही त्याला पोटातल्या रोगाची वाट समजत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्राकोचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी ठामपणे सांगितले की हा रोग नाही, केसांच्या दुर्लक्षाचा परिणाम आहे. कात्री लावली तर काहीही वाईट होत नाही.

तर मग लॉक्स आणि जट यांत फरक काय? गुंता दोन्हीकडे आहे. पण लॉक्समध्ये भाग पाडलेले असतात, मधली त्वचा उघडी असते, डोके नियमित धुता येते आणि नको वाटले तर कापता येतात. जट एकसंध असते, खालची त्वचा दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे ती भीतीपोटी ठेवलेली असते. एक निवड आहे, दुसरी सक्ती. जबरदस्तीने लॉक्स कापणे आणि जबरदस्तीने जट ठेवायला लावणे, दोन्हीत डोके एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा असतो.

नोकरी, कायदा आणि केस

२०१० मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका तरुणीला देऊ केलेली नोकरी लॉक्स कापायला नकार दिल्यामुळे परत घेतली गेली. प्रकरण संघीय अपील न्यायालयात गेले. २०१६ चा निकाल तिच्या विरोधात लागला. केशरचना बदलता येते, त्यामुळे ती वंशाप्रमाणे जन्मजात बाब नाही, असा त्यामागचा तर्क होता. डॉक्टर म्हणून यात एक गोष्ट खटकते. रचना बदलता येते हे खरे, पण केसाच्या मुळाची वक्रता कातडीच्या रंगाइतकीच जन्मजात आहे. ती लपवायची तर उष्णता आणि रसायने लागतात.

त्यानंतर चित्र बदलू लागले. अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये महिला सैनिकांना लॉक्सची परवानगी दिली. ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियात ‘क्राउन ॲक्ट’वर सही झाली. नैसर्गिक केस, वेण्या आणि लॉक्स यांवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारे ते पहिले राज्य. पुढे वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. तरी टेक्सासमध्ये, हा कायदा असूनही, लांब लॉक्स ठेवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने लांबीचा नियम वैध ठरवला. म्हणजे कायदा मदतीला आहे, पण सगळीकडे सारखा नाही.

निर्णय घेण्यापूर्वी काय पाहावे?

*१. सध्या त्वचा निरोगी आहे का?* कपाळाच्या वरची रेषा विरळ झाली असेल, डोक्याच्या मध्यभागी केस कमी होत असतील, सोरायसिस, बुरशीचा संसर्ग किंवा जास्त कोंडा असेल, तर आधी उपचार घ्या. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस तात्पुरते जास्त गळतात. तेव्हा थोडे थांबलेले बरे.

*२. ओढ किती बसेल?* सतत ओढल्याने पडणाऱ्या टकलाला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. त्याचे पहिले वर्णन १९०७ मध्ये ग्रीनलंडमधील स्त्रियांमध्ये झाले. त्या डोक्यावर घट्ट अंबाडा बांधत. म्हणजे हा आजार एका वंशाचा नाही, ओढीचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका पाहणीत सुमारे एक तृतीयांश प्रौढ स्त्रियांमध्ये तो आढळला. लॉक्स फार बारीक आणि फार लांब असतील तर थोड्या मुळांवर मोठे वजन येते. मुळाशी पुन्हा पीळ देताना दुखत असेल, पुटकुळ्या येत असतील, तर तो इशारा समजा. सुरुवातीला थांबलात तर केस परत येतात. व्रण तयार झाले की येत नाहीत.

*३. रिलॅक्सर लावलेले केस.* जुना सरळ आणि नवा कुरळा केस जिथे जुळतात तिथे केस सहज तुटतो. त्यामुळे नवे केस पुरेसे वाढू द्या किंवा जुना भाग कापून सुरुवात करा.

*४. धुणे.* ‘लॉक्स धुवायचे नसतात’ हा मोठा गैरसमज आहे. आठवड्या-दोन आठवड्यांनी डोके धुवा, फेस पूर्ण काढा आणि बटा आतपर्यंत वाळवा. ओलसर राहिल्या तर कुबट वास येतो. मेण आणि घट्ट मलमे आत साचून राहतात, ती टाळा.

*५. परत फिरण्याची वाट.* लॉक्स पक्के व्हायला अनेक महिने, कधी वर्षापेक्षा जास्त लागते. नंतर ते सोडवणे अतिशय वेळखाऊ असते, बहुतेक जण कापतात. केस पुन्हा वाढतात, पण वेळ लागतो. शंका असेल तर आधी काही महिने पीळ दिलेल्या बटा ठेवून पाहा.

*६. रुग्णालयात.* एमआरआयपूर्वी केसांतील धातूचे मणी आणि क्लिपा काढाव्या लागतात. मेंदूच्या ईईजी तपासणीसाठी इलेक्ट्रोड त्वचेला टेकावे लागतात. जाड केसांत ते नीट बसत नाहीत, म्हणून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात खास वेण्यांमधल्या जागेत बसणारे इलेक्ट्रोड तयार करण्यात आले. तपासणी असेल तर आधी कळवा. लॉक्स कापल्याशिवाय काम होणार नाही असे कोणी लगेच सांगितले, तर दुसरा मार्ग आहे का हे विचारायला संकोच करू नका.

लहान मुलांच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. त्यांची त्वचा नाजूक असते आणि दुखते आहे हे ती वेळेवर सांगत नाहीत.

आपल्यापैकी कोणाच्या घरात परदेशी सून, जावई किंवा नातवंड असेल, शेजारी आफ्रिकेतून शिकायला आलेला विद्यार्थी राहत असेल, तर त्यांचे केस पाहून ‘धुतोस का रे?’ असे विचारण्याआधी हा इतिहास आठवावा. आणि निर्णय घेणाऱ्याला माझा सल्ला एवढाच: लॉक्स स्वतः आजार नाहीत आणि औषधही नाहीत. हलके ठेवा, स्वच्छ ठेवा, ओढ बसू देऊ नका. केस गळणे, दुखणे, सतत खाज किंवा पू दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना वेळेवर दाखवा.